जुने कन्सोल आणि नवा टीव्ही: चित्राचे रूपांतर नेमके कुठे करावे?

अंगणातला अँटेना (धागालेखक)

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या घराचा माळा आवरताना तीन जुने कन्सोल हाती लागले. पहिला म्हणजे नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत असलेला आठ बिटांचा ‘टीव्ही गेम’, ज्याच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि प्रत्यक्षात तेच मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. दुसरा, काकांनी मस्कतहून येताना आणलेला सेगाचा मेगा ड्राइव्ह. पुढच्या बाजूला हेडफोनची खाच आणि आवाजाची सरकपट्टी असलेले पहिले मॉडेल. तिसरा, मी स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतलेला प्लेस्टेशन २. तिन्हींचे दिवे लागले तेव्हा मला फार आनंद झाला.

अडचण त्यानंतर सुरू झाली. घरातल्या ५५ इंची टीव्हीला तीन एचडीएमआय खाचा, अँटेनाची एक खाच आणि ‘एव्ही’ असे लिहिलेले साडेतीन मिलिमीटरचे एक छिद्र आहे. लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिनांसाठी जागाच नाही. म्हणून मी पिवळ्या पिनेचे एचडीएमआय करून देणारी एक छोटी डबी आणली. टीव्ही गेमचे चित्र आले, पण ते आडवे ताणलेले होते आणि ‘कॉन्ट्रा’मधला देखावा सरकताना ठरावीक अंतराने हिसके देत होता. मेगा ड्राइव्हवर सॉनिक धावू लागला की त्याच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटत होत्या. प्लेस्टेशनसाठी वेगळा डाँगल घेतला, तर त्याच्यावर अक्षरे थरथरतात. आवाज मी वडिलांच्या जुन्या स्टिरिओ अँप्लिफायरला जोडला आहे आणि तिथे सतत एक भुणभुण ऐकू येते.

सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. माझी नऊ वर्षांची मुलगी उडी मारायचे बटण दाबते आणि खेळातला गडी क्षणभर उशिरा उडतो. तिला वाटते की तिला खेळताच येत नाही. मला आणि माझ्या भावाला हे खेळ ज्या तत्परतेने प्रतिसाद देत असत, तसेच ते तिला मिळावेत, एवढीच माझी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळपट्टी

तुमच्या मुलीचा यात काहीही दोष नाही, हे तिला सगळ्यात आधी सांगा. दोष रूपांतराचा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर जुना टीव्ही चित्र कसे रंगवत असे ते पाहावे लागेल.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत पूर्ण चित्र ६२५ ओळींचे असे आणि ते सेकंदाला २५ वेळा रंगवले जाई. मात्र एकदम नव्हे, तर आधी एक आड एक ओळी आणि मग त्यांच्या मधल्या ओळी, अशा ३१२.५ ओळींच्या दोन अर्धचित्रांत. अमेरिका आणि जपानच्या एनटीएससी पद्धतीत हाच हिशेब ५२५ आणि २६२.५ असा होता. शेवटी उरणाऱ्या त्या अर्ध्या ओळीमुळेच दुसरे अर्धचित्र पहिल्याच्या फटींत बरोबर बसत असे. कन्सोल बनवणाऱ्यांनी ती अर्धी ओळच काढून टाकली. अर्ध्या ओळीऐवजी ओळींची संख्या पूर्णांकात ठेवली की प्रत्येक अर्धचित्र त्याच त्या ओळींवर पडते, मधल्या फटी काळ्या राहतात आणि सेकंदाला २५ ऐवजी ५० स्वतंत्र, स्थिर चित्रे मिळतात. एनटीएससीमध्ये ती सुमारे ६० मिळतात. या युक्तीलाच आज २४०पी म्हणतात. पालमध्ये तिला २८८पी म्हणणे अधिक बरोबर.

काचेच्या नळीच्या टीव्हीला यात वेगळे काही करावे लागत नसे, कारण तो येईल ती ओळ येईल तेव्हा रंगवत असे. नव्या टीव्हीला मात्र हा संकेत साध्या प्रक्षेपणासारखा वाटतो. तो दोन लागोपाठची चित्रे एकाच चित्राचे दोन अर्धे आहेत असे समजून एकत्र विणतो. सॉनिक त्या दोन चित्रांच्या मधल्या काळात पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याच्या कडा फणीसारख्या दिसतात. मार लागल्यावर गडी एक फ्रेम आड दिसतो, ती लुकलुक या विणकामात अनेकदा विकृत होते. कधी गडी पूर्ण नाहीसा होतो, तर कधी जाळीसारखा दिसतो.

उशीरही इथूनच येतो. विणण्यासाठी आधी चित्रे साठवावी लागतात, नंतर ती फोर-के पडद्यापर्यंत मोठी करावी लागतात, आणि वर रंगसुधार व हालचाल गुळगुळीत करण्याच्या प्रक्रिया चालतात. पाल कन्सोलची एक फ्रेम २० मिलिसेकंदांची असते. साखळीत एकूण १०० मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर तुमची मुलगी पाच फ्रेम जुने चित्र पाहून खेळते आहे.

‘कॉन्ट्रा’चे हिसके हे निराळे प्रकरण आहे. तुमचा टीव्ही गेम बहुधा ५० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ५० चित्रे देणारा) आहे आणि ती डबी काहीही आले तरी ६० हर्ट्झचेच चित्र बाहेर देत असावी. मग प्रत्येक पाच फ्रेमपैकी एक दोनदा दाखवावी लागते, आणि सरळ सरकणाऱ्या देखाव्यात डोळा ती लगेच पकडतो.

यावरून माझे मत असे बनले आहे की रूपांतर एकदाच व्हावे, ते टीव्हीच्या आधी व्हावे, आणि ज्याला २४०पी म्हणजे काय ते कळते अशाच यंत्राने ते करावे. टीव्हीच्या वाट्याला शक्य तितके कमी काम यावे.

भातुकली

टीव्हीवरच्या त्या साडेतीन मिलिमीटरच्या छिद्राविषयी थोडे लिहिते, कारण पैसे खर्च करण्याआधी ते तपासून पाहावे असे मला वाटते. त्याला चार कड्यांची पिन लागते. तिच्यातून डावा आवाज, उजवा आवाज, चित्र आणि अर्थ (अर्थिंग) असे चार मार्ग जातात. दुकानात सारख्या दिसणाऱ्या वायरींमध्ये या कड्यांचा क्रम सारखा नसतो. मी तीन वायरी आणल्या. पहिलीत चित्राऐवजी काळा पडदा आणि स्पीकरमधून कर्कश गुरगुर मिळाली, कारण चित्राचा संकेत आवाजाच्या मार्गात जात होता. अशा वेळी पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या जागी लावून पाहावी. कधी तेवढ्याने भागते. अर्थचीच जागा चुकलेली असेल, तर मात्र ती वायर कोणत्याही अदलाबदलीने उपयोगी पडत नाही.

दुसरी गोष्ट, चित्र कृष्णधवल आले तर घाबरू नये. टीव्हीच्या सेटिंगमध्ये रंगपद्धती ‘ऑटो’वरून काढून हाताने पाल किंवा एनटीएससी निवडावी. काही टीव्हींवर कंपोनंटची (चित्र तीन वेगळ्या तारांतून नेणाऱ्या जोडणीची) हिरवी खाच आणि साध्या व्हिडिओची पिवळी खाच एकच असते. तिथे पिन योग्य असूनही टीव्ही कंपोनंटच्या मार्गावर ठेवला, तर चित्र रंगाविनाच दिसते.

शेवटी, पिक्चर मोड ‘गेम’ करायला विसरू नका. आमच्या घरी एवढ्या एका बदलाने अर्धी तक्रार मिटली.

कथील

चित्राकडे वळण्याआधी कृपया विजेकडे लक्ष द्या. मी पुण्यात जुन्या यंत्रांची दुरुस्ती करतो. चुकीच्या अडॅप्टरमुळे मेलेले कन्सोल माझ्याकडे जितके येतात, तितके दुसऱ्या कोणत्याही कारणाने येत नाहीत.

मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला पिनेच्या मध्यभागी ऋण ध्रुव लागतो. दुसऱ्या मॉडेलला बरोबर उलटा, मध्यभागी धन. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळणारे बहुतेक साधे अडॅप्टर मध्यभागी धन असलेले असतात. म्हणून नुसते व्होल्ट पाहून घेऊ नका; छापलेली ध्रुवांची खूण वाचा आणि शक्य असेल तर मल्टिमीटरने तपासा. अमेरिकेतून कुणी निन्टेंडोचा मूळ एनईएस आणला असेल, तर त्याचा अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. एनईएसच्या आत रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) असल्यामुळे त्याला ते चालते; तोच अडॅप्टर एनईएसच्या जपानी रूपाला, म्हणजे फॅमिकॉमला, लावला तर फॅमिकॉम जळतो. शिवाय जपानचे मूळ अडॅप्टर १०० व्होल्टसाठी आणि अमेरिकेचे १२० व्होल्टसाठी असतात. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ते कधीही थेट घालू नयेत.

कॅसेट चालत नसेल तर तिच्यात फुंकर मारण्याची आपली सर्वांची जुनी सवय सोडून द्यावी. फुंकरीतला दमटपणा तांब्याच्या पट्ट्यांना गंज आणतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात.

टीव्ही गेमला अँटेनाची वायर आणि पिवळी पिन असे दोन्ही मार्ग असतील, तर निःसंशय पिवळी पिन वापरा. अँटेनाच्या मार्गाने चित्र आणि आवाज आधी एका चॅनलच्या लहरीवर चढवले जातात आणि टीव्हीत पुन्हा उतरवले जातात; त्या प्रवासात दोन्हींची हानी होते. ज्यांच्या यंत्राला फक्त अँटेनाचीच सोय आहे, त्यांनी स्वयंचलित शोधावर विसंबून न राहता मॅन्युअल ट्यूनिंगने चॅनल शोधावे.

अंगणातला अँटेना (धागालेखक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला तिचा दोष नसल्याचे सांगितले. तिने ‘मग दोष कुणाचा?’ असे विचारले आणि मी तिला ओळपट्टी यांचा अर्धचित्रांचा खुलासा कागदावर रेघा काढून समजावला. तिला तो कळला.

मेगा ड्राइव्हच्या अडॅप्टरवर मध्यभागी ऋण असल्याची खूण आहे, म्हणजे तो मूळचाच असावा. गेम मोड लावल्यावर उशीर कमी झाला, पण गेला नाही. फणीचे दातही तसेच आहेत. रूपांतर करणारे चांगले यंत्र कोणते घ्यावे आणि ते तिन्ही कन्सोलना पुरेल का, हे कृपया सांगावे.

ओळपट्टी

एका यंत्राने तिन्ही चालतील. मात्र प्रत्येक कन्सोल कोणत्या रूपात चित्र देतो ते आधी पाहावे लागते.

तुमचा टीव्ही गेम फक्त कंपोझिट देतो, म्हणजे प्रकाश आणि रंग एकाच पिवळ्या तारेत मिसळलेले. मिसळलेले पुन्हा वेगळे करताना काहीतरी सांडतेच, म्हणून रंगांच्या सीमेवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसतात. मेगा ड्राइव्ह मात्र मागच्या आठ पिनांच्या गोल खाचेतून लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग (आरजीबी) स्वतंत्रपणे देतो, आणि हे बहुतेकांना माहीत नसते, कारण डब्यातल्या वायरीत तो मार्ग जोडलेलाच नसतो. प्लेस्टेशन २ कंपोनंट देतो. त्यासाठी त्याच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन व्हिडिओचा पर्याय आरजीबीवरून कंपोनंटवर न्यावा लागतो, नाहीतर रंग पूर्णपणे बिघडतात.

आता यंत्रे. ओएसएससी हे मुक्त आराखड्याचे यंत्र आलेली प्रत्येक ओळ दोनदा ते पाचदा पुन्हा काढते आणि लगेच पुढे पाठवते. पूर्ण फ्रेम साठवत नसल्यामुळे त्याचा उशीर जवळजवळ शून्य असतो. पण मूळ ओएसएससीला कंपोझिटची खाच नाही, म्हणून तुमचा टीव्ही गेम त्याला लागणार नाही. शिवाय ते कन्सोलच्या मूळ लयीतच चित्र देते, आणि काही टीव्हींना ती लय मानवत नाही. निन्टेंडोचा एनटीएससी एनईएस सेकंदाला बरोबर ६० नव्हे तर सुमारे ६०.१ फ्रेम देतो, आणि एवढ्या फरकानेही एखादा टीव्ही ‘संकेत नाही’ असे दाखवतो.

रेट्रोटिंक २एक्स हे त्याहून साधे आहे. ते कंपोझिट, एस-व्हिडिओ (प्रकाश आणि रंग वेगळ्या तारांत) आणि कंपोनंट घेते, २४०पी ओळखते आणि ओळी दुप्पट करते. तुमच्यासारख्या घरासाठी माझी पहिली पसंती याच प्रकाराला राहील. २०२१ साली आलेले रेट्रोटिंक ५एक्स प्रो त्याच्या बरेच पुढे जाते: स्कार्टही (युरोपातली आरजीबीची जोडणी) घेते, १०८०पी चित्र देते आणि प्लेस्टेशन २ च्या विणलेल्या चित्रात हालचाल कुठे आहे ते ओळखून फक्त तेवढाच भाग वेगळ्या रीतीने उलगडते. प्लेस्टेशन २ चे बहुतेक खेळ खरोखरच विणलेले चित्र देतात, म्हणून तिथे ही क्षमता कामाची आहे. तुमचा डाँगल त्या विणलेल्या चित्राला हातही न लावता एचडीएमआयवर चढवतो आणि उलगडण्याचे काम टीव्हीवर टाकतो. अक्षरांची थरथर तिथून येते. काही खेळ सुरू होताना त्रिकोण आणि फुली ही बटणे दाबून ठेवली की ४८०पी निवडायला मिळते. तसा खेळ असेल तर तुमचा आहे तोच डाँगल उत्तम काम देईल.

ज्यांचे बजेट कमी आहे आणि हातात सोल्डरिंगची इस्त्री धरायची तयारी आहे, त्यांच्यासाठी जीबीएस-८२०० हा स्वस्त बोर्ड आहे. त्याच्यावर छोटा वायफाय मॉड्यूल बसवून जीबीएस-कंट्रोल हे मुक्त सॉफ्टवेअर चालवले की त्याचे रूप पालटते.

कोणतेही यंत्र घेतले तरी दोन गोष्टी तपासाव्यात. ५० हर्ट्झचा संकेत आत आला तर ५० हर्ट्झचाच बाहेर यायला हवा, आणि चित्राचे ४:३ हे प्रमाण टिकायला हवे. टीव्हीवर हे प्रमाण हाताने लावता येत असेल तर आजच लावून टाका. ताणलेला सॉनिक मला पाहवत नाही.

राईनकाठ

मी जर्मनीत राहतो. इथल्या जुन्या टीव्हींना स्कार्ट नावाची २१ पिनांची रुंद खाच असायची आणि मेगा ड्राइव्हचे तिन्ही रंग तिच्यातून थेट टीव्हीत जात. तुमचा कन्सोल पाल असल्यामुळे युरोपात मिळणारी स्कार्ट वायर त्याला चालेल. फक्त पहिल्या मॉडेलची म्हणून मागा, कारण दुसऱ्या मॉडेलची गोल खाच लहान आणि नऊ पिनांची आहे. एक धोका मात्र ध्यानात ठेवा. जपानमध्ये हुबेहूब अशाच आकाराची २१ पिनांची आरजीबी खाच आहे, पण तिच्या पिनांचा क्रम वेगळा आहे. जपानी वायर युरोपीय यंत्रात सहज शिरते आणि यंत्राची हानी करू शकते. स्कार्ट नको असेल, तर एचडी रेट्रोव्हिजनच्या वायरी मेगा ड्राइव्हचे आरजीबी कंपोनंटमध्ये बदलून देतात. त्या रेट्रोटिंक २एक्सला सरळ लागतात.

आता ओळपट्टी यांच्याशी एका बाबतीत मतभेद नोंदवतो. त्यांच्या लिखाणातून असा अर्थ निघतो की चित्र जितके स्वच्छ तितके ते मूळच्या जवळचे. मेगा ड्राइव्हच्या बाबतीत हे नेहमी खरे नाही. सॉनिकच्या पहिल्या टप्प्यातला धबधबा आठवा. मेगा ड्राइव्हला पारदर्शक रंग काढता येत नाहीत, म्हणून चित्रकारांनी धबधबा उभ्या बारीक रेघांनी काढला: एक रेघ पाण्याची, एक रेघ मोकळी. कंपोझिटमध्ये शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पाण्याच्या आडून मागचा डोंगर दिसतो. आरजीबीमध्ये तोच धबधबा गजांच्या खिडकीसारखा दिसतो. त्या चित्रकारांनी कंपोझिटचा धूसरपणा रंगासारखा वापरला होता, आणि तो पुसून टाकताना आपण त्यांच्या कामाचा काही भाग पुसतो.

म्हणून ज्यांच्याकडे जागा आहे, त्यांनी भंगारात निघालेला एखादा लहान काचेचा टीव्ही अवश्य सांभाळावा, असे मी म्हणेन. त्याचे मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. बंद केल्यानंतरही नळीवर काही काळ हजारो व्होल्टचा दाब राहू शकतो.

ओळपट्टी

धबधब्याचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि माझ्या लिखाणात तो राहून गेला याची खंत वाटते. मी स्वतः प्लॅटफॉर्मचे खेळ आरजीबीवर आणि धबधब्यासारख्या जाळ्या असलेले खेळ कंपोझिटवर खेळतो. रूपांतर करणारे यंत्र दोन्ही घेत असेल, तर दोन वायरी जवळ ठेवून प्रत्येक खेळासाठी निवड करता येते. माझा आग्रह चित्राच्या स्वच्छतेपेक्षा वेळेबद्दल अधिक आहे. धूसर चित्रावर नऊ वर्षांचे मूल आनंदाने खेळते. उशिरा येणाऱ्या चित्रावर ते हिरमुसते.

आणखी एक, तुमचा मेगा ड्राइव्ह ५० हर्ट्झचा आहे. ६० हर्ट्झ धरून लिहिलेले आणि पालसाठी वेग न सुधारलेले खेळ त्याच्यावर सुमारे १७ टक्क्यांनी संथ चालतात. तुम्ही लहानपणी ते तसेच खेळलेले असल्यामुळे तुम्हाला त्यात उणे वाटणार नाही. पण आंतरजालावरच्या चित्रफितींशी तुलना करून रूपांतरात बिघाड आहे असा समज करून घेऊ नका.

तबकडी

धागा चित्राकडेच झुकला आहे, म्हणून आवाजाविषयी लिहितो. माझा जीव त्यातच आहे.

वडिलांच्या अँप्लिफायरचा वापर करण्याचा तुमचा निर्णय उत्तम आहे. कन्सोलच्या लाल-पांढऱ्या पिनांतून लाइन पातळीचा आवाज येतो. तो ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ लिहिलेल्या खाचेत जोडावा. ‘फोनो’ लिहिलेल्या खाचेत कधीही जोडू नये. ती तबकडीच्या सुईसाठी असते, तिथे आवाज अनेक पटींनी वाढवला जातो आणि मंद्र स्वर मुद्दाम उचलले जातात, त्यामुळे कन्सोलचा आवाज तिथे फाटतो.

तुमच्या मेगा ड्राइव्हमध्ये एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. पहिल्या मॉडेलच्या मागच्या खाचेतून केवळ मोनो आवाज येतो. स्टिरिओ हवा असेल तर तो पुढच्या हेडफोनच्या खाचेतूनच घ्यावा लागतो. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशी साधी वायर आणा, सरकपट्टी दोन-तृतीयांशाच्या आसपास ठेवा आणि अँप्लिफायरवर ऐका. आतल्या यामाहाच्या एफएम चिपचे डावे-उजवे स्वर वेगळे झाले की तेच संगीत नव्याने उलगडते. चित्र मागून आणि आवाज पुढून, अशी ही जोडणी थोडी विचित्र दिसते, पण तीच योग्य आहे.

टीव्ही गेमचा आवाज मुळातच मोनो आहे. तो एकाच स्पीकरमधून येत असेल, तर एका पिनेच्या दोन पिना करणारी वायर वापरावी. एक आवाज दोन खाचांत वाटणे सुरक्षित आहे. उलट, दोन वेगळे आवाज अशाच वायरीने एका खाचेत कोंबू नयेत, कारण मग दोन्ही परिपथ एकमेकांवर भार टाकतात. प्लेस्टेशन २ ला मागे प्रकाशाच्या तारेची डिजिटल खाच आहे. तुमच्या जुन्या अँप्लिफायरला ती लागणार नाही, पण पुढे कधी साउंडबार किंवा होम थिएटर घेतलेत तर ती थेट तिथे जोडावी.

ब्लूटूथ स्पीकरचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्यावा. त्याच्यामुळे होणारा उशीर बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक असतो. ‘हा तर केवळ आवाज आहे’ असे वाटते, पण खेळणाऱ्याचा हात निम्मा कानाने चालतो. टीव्हीमधून एआरसीच्या (एचडीएमआयच्याच वायरीतून आवाज बाहेर नेण्याच्या) मार्गाने साउंडबारकडे आवाज नेणार असाल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाजाचा पर्याय पीसीएम (न दाबलेला आवाज) ठेवा, म्हणजे आवाज पुन्हा दुसऱ्या स्वरूपात बांधण्यात वेळ जात नाही. अँप्लिफायर थेट कन्सोलला जोडल्यावर आवाज चित्राच्या आधी ऐकू येऊ लागला, तर आवाज मुद्दाम उशिरा सोडण्याची सोय असलेली उपकरणे मिळतात. चित्रपटासाठी ती ठीक आहेत, पण खेळासाठी मी ती वापरत नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच उशिरा आल्या म्हणून बटणाला प्रतिसाद लवकर मिळत नाही. आवाज पुढे आहे याचा अर्थ चित्र मागे आहे, आणि दुरुस्ती चित्राचीच करायला हवी.

राहिली भुणभुण. आपल्याकडे ती बहुधा ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली असते, आणि अर्थच्या दोन वेगळ्या वाटा जोडल्या गेल्या की ती निर्माण होते. सर्व यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. मग एकेक वायर काढत भुणभुण कोणत्या वायरीने थांबते ते पाहा. टीव्हीला किंवा सेट-टॉप बॉक्सला जोडलेली केबलवाल्याची वायर हा माझा पहिला संशय आहे. ती वायर इमारतीच्या गच्चीवरून स्वतःची अर्थ घेऊन येते. कुणी प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकायला सुचवले तर ते मुळीच ऐकू नका, कारण त्या पिनेवर जीव अवलंबून असतो.

भातुकली

आमच्या टीव्ही गेमबरोबर बदके मारायची बंदूक होती. नव्या टीव्हीवर ती काही केल्या चालत नाही. रूपांतर करणाऱ्या चांगल्या यंत्राने ती चालेल का?

ओळपट्टी

दुर्दैवाने नाही. खटका दाबला की खेळ एक फ्रेम पूर्ण काळी करतो आणि पुढच्या फ्रेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतल्या डोळ्याला त्या नेमक्या क्षणी उजेड दिसला तर नेम लागला असे धरले जाते. नवा टीव्ही तो चौकोन उशिरा दाखवतो, तोपर्यंत खेळाने बंदुकीला विचारून झालेले असते. शिवाय निन्टेंडोच्या मूळ बंदुकीतला परिपथ काचेच्या नळीवर सेकंदाला सुमारे १५,००० ओळी रंगवल्या जाताना जी लुकलुक होते, तिलाच प्रतिसाद देतो. एलईडी टीव्हीत ती लुकलुकच नसते. तुमच्यासाठी राईनकाठ यांनी सुचवलेला लहान काचेचा टीव्ही हाच मार्ग आहे.

अंगणातला अँटेना (धागालेखक)

पाच आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण वायर परदेशातून येण्यात आणि तिच्यावरचे आयात शुल्क भरण्यात वेळ गेला.

कंपोझिट आणि कंपोनंट घेणारे, २४०पी ओळखणारे यंत्र घेतले. टीव्ही गेम त्याला पिवळ्या पिनेने जोडला, मेगा ड्राइव्ह कंपोनंटच्या वायरीने. टीव्ही ५० हर्ट्झचा संकेत निमूटपणे घेतो. ‘कॉन्ट्रा’चे हिसके थांबले आणि सॉनिकच्या कडा स्वच्छ झाल्या. धबधबा खरोखर गजांच्या खिडकीसारखा दिसला. मी मुलीला दोन्ही वायरींनी तो दाखवला आणि तिने पिवळी पिन निवडली. प्लेस्टेशन सध्या डाँगलवरच आहे. माझ्याकडच्या दोन खेळांत त्रिकोण आणि फुलीची युक्ती चालली, बाकीच्यांचे पुढे पाहीन.

भुणभुण तबकडी यांनी सांगितल्याप्रमाणे केबलवाल्याच्या वायरीमुळेच होती. ती काढली आणि स्पीकर एकदम शांत झाले. आता त्या वायरीत बसवायचा आयसोलेटर (अर्थची वाट तोडणारा तुकडा) मागवला आहे. तो येईपर्यंत आईची मालिका संपल्यावरच आम्ही वायर काढून खेळतो. हेडफोनच्या खाचेतून घेतलेला मेगा ड्राइव्हचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा स्टिरिओत ऐकला. भावाला फोन लावून स्पीकरजवळ धरला, पण फोनवरून त्याला तो फरक कळेना, म्हणून तो या शनिवारी कोल्हापूरहून येतो आहे.

मुलगी पहिल्या टप्प्याच्या शेवटच्या शत्रूपर्यंत पोहोचली आहे. काल ती हरली तेव्हा म्हणाली, “बाबा, या वेळी मीच उशिरा दाबलं.”